प्रथमपुरुषी निवेदन आणि काकीचा गुडघा

पदवीच्या वर्गाला प्रथमपुरुषी निवेदन शिकवताना मी साधारणतः आत्मचरित्रापासून सुरुवात करतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवारांचे ‘बलुतं’, आणि मग फिलिप लेज्यून या फ्रेंच समीक्षकाने १९७५ साली मांडलेली ‘आत्मचरित्रात्मक करारा’ची कल्पना. मुखपृष्ठावर ज्याचे नाव आहे तोच निवेदक आहे आणि तोच या कथनाचा नायक आहे, असा शब्द लेखक वाचकाला देतो. वाचक त्या शब्दावर विसंबून पुढे वाचतो. विद्यार्थ्यांना ही कल्पना लवकर समजते, पण तिच्यातली जोखीम समजत नाही. लेखकाने शब्द मोडला तर वाचकाचे नेमके काय जाते, असे दरवर्षी कोणीतरी विचारतो. आत्मचरित्राच्या बाबतीत या प्रश्नाला ठोस उत्तर देणे कठीण आहे. वाचकाचे पैसे तर पुस्तक विकत घेतानाच गेलेले असतात.

ठोस उत्तर मला सापडले ते तारकर्लीला, माझ्या काकीच्या पडवीत, आणि तेही एका पौष्टिक भुकटीच्या डब्याच्या निमित्ताने.

तारकर्ली मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांची बने, घरे व एकच रस्ता, जो पुढे देवबागच्या संगमापर्यंत जातो. पर्यटन वाढू लागल्यावर या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी मागच्या अंगणात खोल्या काढल्या. काकीनेही निवास-न्याहारी योजनेचे नाव ऐकून दोन खोल्या बांधल्या. दिवाळी, नाताळ, मे महिना एवढा तिचा हंगाम. पावसाळ्यात समुद्र बंद, जलक्रीडा बंद, खोल्याही बंद.

या गावाला दलाली ही गोष्ट नवी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. घरात पर्यटक उतरला की त्याला स्कूबा हवे असते, डॉल्फिन हवे असतात, त्सुनामी आयलंडची फेरी हवी असते. कोणत्या होडीवाल्याकडे जावे हे बहुधा घरमालक किंवा रिक्षावाला सुचवतो, आणि सुचवणाऱ्याला माणशी ठरलेली रक्कम मिळते. यात लपवाछपवी फारशी नसते. पर्यटकाला समुद्राखाली जायचेच असते. काकीने सांगितले नसते तर दुसऱ्या कोणी सांगितले असते. फेरी झाली, पैसे मिळाले, संबंध संपला. त्या पर्यटकाने पुढे आपल्या मेहुण्याला तारकर्लीला पाठवले तर त्याचे काकीला काही मिळत नाही, आणि मिळावे असे तिला कधी वाटलेही नाही.

संगणकाच्या जगात याच व्यवहाराला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अ‍ॅमेझॉनने १९९६ साली आपली असोसिएट्स योजना सुरू केली, तेव्हा तिचे स्वरूप हेच होते: तुम्ही एखाद्या पुस्तकाविषयी लिहा, त्याखाली आमच्या दुकानाचा दुवा द्या, त्या दुव्यावरून कोणी येऊन खरेदी केली तर त्यातला काही टक्के भाग तुमचा. त्या दुव्यात सुचवणाऱ्याची खूण असते आणि ती ठरावीक मुदतीपर्यंतच ग्राह्य धरली जाते. म्हणजे तारकर्लीचा रिक्षावालाच. फक्त रिक्षा नाही.

नेटवर्क मार्केटिंग ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि हे वेगळेपण शब्दांच्या सारखेपणात हरवते. तेथे वस्तू विकणारा आपल्या हाताखाली आणखी विक्रेते आणतो, ते आणखी आणतात, आणि खालच्या प्रत्येक खरेदीचा अंश वर झिरपत राहतो. वरच्याला अपलाइन म्हणायचे, खालच्याला डाउनलाइन. ‘नेटवर्क’ म्हणजे जाळे असा अर्थ गावात कोणीतरी सांगितला तेव्हा एका वृद्ध रापणकऱ्याने विचारले होते की मग वाटा कसा पडतो. प्रश्न अगदी योग्य होता. रापणीत होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघतो, न ओढणाऱ्या मालकालाही तो मिळतो, त्यामुळे तो व्यवहार समतेचा होता असे मी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षी ज्याने दोर ओढला त्याला केवळ तेवढ्यावर यंदाच्या मासळीत वाटा मिळत नाही. नेटवर्कात मिळतो, किंवा मिळेल असे सांगितले जाते.

काकीच्या घरात हा व्यवहार गणपतीत आला. कोकणात बऱ्याच गोष्टी गणपतीत येतात, कारण चाकरमानी तेव्हाच येतात. तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो. त्याने आरतीनंतर खिरापतीच्या ताटाशेजारी एक डबा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काकीला ‘प्लॅन दाखवला’. हा त्या व्यवसायातलाच शब्दप्रयोग आहे. वस्तू दाखवत नाहीत, प्लॅन दाखवतात. मग तिच्याकडून नावांची यादी करून घेतली. शंभर नावे लिही, असे त्याला शिकवले गेले होते. काकीने जुन्या वहीत लिहायला सुरुवात केली: माहेरची माणसे, सासरची माणसे, भिशीतल्या बायका, वाडीतल्या सुना, देवळातल्या सप्त्याला येणाऱ्या, माझी आई, मी. ऐंशीच्या आसपास ती थांबली. ती वही मी पाहिली आहे. एका स्त्रीच्या आयुष्यातली सगळी माणसे एका खाली एक क्रमांक घालून लिहिलेली मी प्रथमच पाहत होतो. आत्मचरित्राला यापेक्षा चांगली अनुक्रमणिका असू शकत नाही, असे मला तेव्हा वाटून गेले.

गणिताबद्दल फार लिहीत नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येकाने सहा जण आणायचे ठरवले तर सातव्या पायरीला सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसे लागतात आणि आठव्या पायरीला सोळा लाखांहून अधिक. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ होती. मात्र हे गणित सांगून कोणी परावृत्त झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, कारण तेथे गणिताच्या आधारावर कोणी आलेलेच नसते. कथेच्या आधारावर आलेले असतात.

कुडाळला एका सभागृहात भरलेल्या मेळाव्याला मी काकीबरोबर गेलो होतो. एकामागून एक माणसे व्यासपीठावर येत आणि आपली गोष्ट सांगत. प्रथम हलाखी किंवा आजार. मग कोणीतरी डबा घेऊन येतो. मग शंका, थट्टा, नवऱ्याचा किंवा सासूचा विरोध. मग तीन महिने निष्ठेने सेवन व नावनोंदणी. शेवटी गाडी, घर, परदेशवारी. मध्येच एखाद्या गोष्टीत असा कोणीतरी येई ज्याने दोन महिन्यांत सोडून दिले आणि जो आज पस्तावतो आहे. तिसऱ्या वक्त्यापर्यंत मला हा घाट ओळखीचा वाटू लागला. श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांनाही तो ओळखता येईल. दरिद्री ब्राह्मणाला किंवा सवाष्णीला वसा मिळतो, ती तो निष्ठेने पाळते, भरभराट होते. मध्ये वसा टाकला की संकट येते, पुन्हा घेतला की गेलेले परत मिळते. सत्यनारायणाच्या कथेतही प्रसादाची उपेक्षा झाली की नौकेवर संकट येते. या कथनप्रकाराचे सामर्थ्य असे की तो कधीही खोटा ठरत नाही. फळ मिळाले तर ते व्रताचे. न मिळाले तर न्यून व्रत करणाराचे. आणि कथा ऐकणे व दुसऱ्याला सांगणे हा व्रताचाच भाग असतो. नेटवर्क मार्केटिंगच्या आचार्यांनी आपल्या कहाण्या वाचल्या असतील असे नव्हे; माणसाला बांधून ठेवणारे घाट मर्यादित आहेत आणि ते ज्याला हवे त्याला सापडतात, एवढेच.

तरीही त्या सभागृहातील एका गोष्टीची मी थट्टा करू शकत नाही. काकीचे नाव पुकारले गेले. पूर्ण नाव, आडनावासकट, ध्वनिवर्धकावरून. तिने व्यासपीठावर जाऊन मालवणीत चार वाक्ये सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साठ वर्षांच्या आयुष्यात तिला असे कोणी बोलावले नव्हते. लग्नपत्रिकेतही तिचे नाव नवऱ्याच्या नावामागून येते. अमेरिकेत १९५० च्या दशकात टपरवेअरचे डबे घरगुती मेळाव्यांतून विकण्याची पद्धत ब्राउनी वाइज या बाईंनी वाढवली, तेव्हाही हजारो गृहिणींना पैशाइतकेच हे हवे होते: नाव घेतले जाणे. ज्या समाजात शहाणी बाई केवळ ‘अमक्याची आई’ असते तेथे हा मोबदला थोडा नाही. जे टीकाकार या धंद्याला निव्वळ लोभाची कहाणी समजतात त्यांनी असा एखादा मेळावा पाहावा.

पुढचा भाग मात्र त्वरेने घडला. दोन वर्षांत यादीतली नावे संपली. माहेरच्यांनी एकेक डबा घेतला, भिशीतल्या बायकांनी दोन-दोन, आणि मग काकी दिसली की माणसे घाईत असू लागली. पुढच्या गणपतीत आरतीला गर्दी कमी होती. कोणी भांडले नाही. कोकणात संबंध भांडून क्वचितच तुटतात. लोक ‘येतो हां’ म्हणतात आणि येत नाहीत. काकीने हे सगळे एका वाक्यात सांगितले, तेही विळीवर आमसुले निवडताना, वर न बघता: “माझ्या माणसांका मी आणखी किती इकू?”

या टप्प्यावर चुलतभावाने नवा मार्ग सुचवला, आणि प्रस्तुत लेखाचा खरा विषय येथे सुरू होतो. त्याचे म्हणणे असे: आपण ओळखीच्या माणसांना विकतो हीच चूक आहे. अ‍ॅफिलिएटवाले ओळखीच्यांना विकत नाहीत. ज्याला गरज आहे असा अनोळखी माणूस शोधतात. लोक संगणकावर काय विचारतात ते पाहायचे, उदाहरणार्थ गुडघेदुखीवर उपाय. त्याला उत्तर देणारा लेख लिहायचा. लेखाच्या शेवटी एक मोफत पुस्तिका देऊ करायची आणि तिच्या बदल्यात फोन नंबर घ्यायचा. या नंबराला लीड म्हणतात. मग दिवसाआड एक संदेश, पाचव्या-सहाव्या संदेशात डब्याचा दुवा. यादी लागत नाही, नातेवाईक लागत नाहीत, कोणाच्या दारात जावे लागत नाही.

हा युक्तिवाद मला मूर्खपणाचा वाटला नाही, आजही वाटत नाही. किंबहुना या धंद्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तो दूर करू पाहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये अ‍ॅमवे ही कंपनी पिरॅमिड नसल्याचा निर्णय दिला, तेव्हा कंपनीच्या ज्या नियमांना महत्त्व दिले गेले त्यांत विक्रेत्याने दर महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना माल विकला पाहिजे हा एक होता. (त्याच निर्णयात कंपनीला किंमती बांधून देण्याबद्दल आणि कमाईचे अतिरंजित दावे करण्याबद्दल दोषीही धरले होते, मेळाव्यांत पहिला अर्धा भागच सांगतात.) भारतातही १९७८ चा प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा, त्याखाली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये याच कंपनीच्या योजनेविरुद्ध नोंदवलेले सकृद्दर्शनी मत, २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २८ डिसेंबर २०२१ ला अधिसूचित झालेले थेट विक्रीचे नियम या साऱ्यांत पुन्हा पुन्हा एकच भेद करण्याचा प्रयत्न आहे: पैसा माणसे आणण्याचा आहे की माल विकण्याचा. थेट विक्री वैध आहे, पिरॅमिड नाही. तेव्हा साखळीच्या बाहेरचा, केवळ वस्तू हवी म्हणून येणारा ग्राहक हा या धंद्याचा नैतिक आधार आहे. चुलतभाऊ नेमका तोच आणू पाहत होता.

अडचण किंमतीची होती. काकीचा अर्धा किलोचा डबा एकोणीसशे रुपयांना. मालवणच्या औषधाच्या दुकानात तशाच घटकांचा डबा सातशेच्या आत मिळतो. मी दोन्हींची लेबले शेजारी ठेवून वाचली आहेत. मधले बाराशे रुपये कोठे जातात हे उघड आहे: ते पायऱ्यांवर वाटले जातात. मावसबहीण हे बाराशे रुपये देते, कारण ती डबा विकत घेत नसते, काकीला नाही म्हणणे टाळत असते. अनोळखी माणसाला काकीला काही म्हणायचेच नसते. तो दुसरी खिडकी उघडतो, किंमत पाहतो आणि निघून जातो. अ‍ॅफिलिएटची सारी पद्धत तुलनेवर उभी आहे. नेटवर्कची वस्तू तुलना टाळल्यावरच खपते. म्हणून एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की वस्तू उघडी पडते.

कंपन्यांना हे आपल्या आधी ठाऊक होते. अशा काही कंपन्यांनी आपला माल ई-व्यापाराच्या संकेतस्थळांवर आपल्या संमतीवाचून विकला जाऊ नये म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती. जुलै २०१९ मध्ये एकल न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. ३१ जानेवारी २०२० ला खंडपीठाने तो रद्द केला. न्यायालयापुढचे मुद्दे अर्थातच अधिक तांत्रिक होते. पण आपली वस्तू सर्वांत मोठ्या बाजारात दिसू नये म्हणून उत्पादकच न्यायालयात जातो, हे दृश्य अर्थशास्त्राइतकेच साहित्याच्या विद्यार्थ्यालाही विचारात पाडणारे आहे. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींहून अधिक मालमत्ता जप्त केली, तेव्हाच्या आरोपांत बाजारातल्या पर्यायी वस्तूंपेक्षा फार चढ्या किंमती हाही एक होता. तो आरोप आहे, निकाल नव्हे, आणि काकीची कंपनी ती नाही. मला येथे कोणा एका कंपनीविषयी लिहायचे नाही.

वस्तू उघडी पडते म्हटल्यावर मग पडद्यावर काय विकायचे? माझ्या चुलतभावाला त्याच्या प्रशिक्षकांनी दिलेले नमुने मी वाचले. त्यांत वस्तू दुसऱ्या परिच्छेदानंतर मागे पडते. किंमत कोठेही नसते. जे पुढे येते ते म्हणजे ‘मी’. मी कोण होतो, मला काय भोगावे लागले, मी कसा बदललो, तुम्हीही बदलू शकता. वस्तूची तुलना होऊ शकते, अनुभवाची होऊ शकत नाही. माझ्या ‘मी’च्या शेजारी दुसऱ्या दुकानातला स्वस्त ‘मी’ ठेवून पाहता येत नाही. २०११ मध्ये मुंबईत गाजलेल्या स्पीक एशिया प्रकरणात तर वस्तू जवळजवळ नव्हतीच. अकरा हजार रुपये भरायचे, संगणकावर प्रश्नावल्या भरायच्या आणि माणसे आणायची. ते टोक झाले. पण वस्तू जितकी मागे सरते तितका निवेदक पुढे येतो, हा नियम मला सर्वत्र दिसला.

आणि निवेदक घडवण्यासाठी भाषा जाणणारा माणूस लागतो. काकी मला म्हणाली, “तू पोरांका लिवूक शिकवतस मां? मगे माझ्यासाठी चार वळी लिवन दी.”

मी लिहिले. तिला समोर बसवून विचारले आणि तिने जे सांगितले तेच तिच्या ‘मी’त लिहिले. पहाटे खाडीच्या बाजूने येणारा ओला वारा, माडांच्या झावळ्यांची सळसळ, खोल्यांतले पाहुणे उठण्याआधी चुलीवर तापणारे दूध, त्यात दोन चमचे भुकटी. चव कोकोसारखी. अकरापर्यंत भूक लागत नाही. हंगामात धावपळ असते तेव्हा याचा उपयोग होतो. गुडघा दुखत होता, तो अजून दुखतो. डबा एकोणीसशे रुपयांना आहे. एकूण तीन परिच्छेद. मला ते वाईट वाटले नाहीत. एखाद्या हेमंतातल्या सकाळी, भुकेल्या आणि बऱ्या ऐपतीच्या माणसाला त्यावरून डबा घ्यावासा वाटलाही असता.

आठवड्याने मजकूर सुधारून परत आला. चुलतभावाने त्यातले काय ठेवले आणि काय बदलले ते पाहण्यासारखे होते. ओला वारा ठेवला होता. झावळ्या ठेवल्या होत्या. चूल, दूध, पाहुणे, सारे जसेच्या तसे. गेली होती ती दोनच वाक्ये: किंमतीचे, आणि गुडघ्याचे. गुडघ्याच्या जागी नवा परिच्छेद होता. पायरी उतरताना डोळ्यांत पाणी येई, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, तीन महिन्यांत मी देवबागपर्यंत चालत जाऊन आले.

रोलाँ बार्थने १९६८ सालच्या एका लेखात कादंबरीतल्या बिनमहत्त्वाच्या तपशिलांविषयी एक निरीक्षण मांडले आहे. कथानकाला ज्यांची गरज नाही अशा वस्तू, भिंतीवरचे एखादे यंत्र, टेबलावरची एखादी पेटी, या केवळ ‘आम्ही वास्तव आहोत’ एवढेच सांगण्यासाठी तेथे असतात. हे मी अनेकदा शिकवले आहे. माझ्या झावळ्यांना तेच काम लावले गेले होते. वारा खरा आहे, तेव्हा गुडघाही खरा असला पाहिजे. खोटे वाक्य एकच होते, पण त्याच्या भोवतीची सगळी खरी वाक्ये त्याला जामीन राहिली होती. आणि येथे वर्गातल्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे. करार मोडला तर वाचकाचे काय जाते? सोलापूरला किंवा सांगलीला कोणी एक बाई रात्री दुखणाऱ्या पायाला तेल लावत हे वाचते. तिचे एकोणीसशे रुपये जातात, आणि डॉक्टरकडे न जाता तीन महिने जातात.

चुलतभाऊ दुष्ट नाही. त्याच्यावर घराचे हप्ते आहेत, आणि त्याला जे शिकवले गेले ते त्याने केले. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असे जाहिरातीत म्हणण्यास २०१८ च्या अन्नसुरक्षा विनियमांत परवानगीवाचून मनाई आहे. विक्रीतून लाभ मिळणाऱ्याने शिफारस करताना तो संबंध उघड केला पाहिजे, असे केंद्राची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. हे शेवटचे कलम वाचताना मला हसू आले. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून दारात उभा राहणारा, हातात पिशवी असलेला माणूस आहे. पहाटेचा वारा, चूल आणि बरा झालेला गुडघा घेऊन फोनमधून घरात शिरणारी काकी त्यांना दिसलेली नाही.

मी तो सुधारलेला मजकूर काकीला मोठ्याने वाचून दाखवला. पहिला परिच्छेद ऐकताना ती खूश होती. आपल्या घरातली सकाळ कोणी असे लिहिल्याचे तिला अप्रूप वाटले. गुडघ्याशी आल्यावर तिने मला थांबवले. “ह्यां मी कधी सांगलंय? गुडघो दुखता तसो दुखताच.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “शेजारणीन वाचल्यान तर काय म्हणात?” या प्रश्नात मला लेज्यूनचा सारा करार सापडला. काकीला न्यायालयाची भीती नव्हती, कंपनीचीही नव्हती. तिचे नाव आणि तिचा गुडघा या दोन्ही गोष्टी एकत्र माहीत असलेली माणसे शेजारी राहत होती. व्रतकथेतल्या सवाष्णीला नाव नसते, म्हणून तिला शेजारीण नसते आणि तिच्या भरभराटीची कोणी शहानिशा करत नाही. काकीला नाव होते. तेच कुडाळच्या सभागृहात पुकारले गेले होते.

तिने आपले नाव आणि फोटो द्यायला नकार दिला. डबे घेणे तिने त्याच सुमारास थांबवले. शिल्लक राहिलेले दोन-तीन अजून फडताळात आहेत. खोल्यांत उतरून गेलेले पाहुणे तिला अधूनमधून फोन करतात, बहुधा मालवणी मसाल्यासाठी किंवा कोकमाच्या आगळासाठी. मसाल्याचा तिच्याकडे दुवा नाही, पुस्तिका नाही. एकदा जेवणात चव घेतलेली असते तेवढीच. त्याचा हिशेब ती त्याच जुन्या वहीत मागच्या पानापासून लिहिते.

मजकूर मात्र वाया गेला नाही. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या अपलाइनच्या पानावर मला तो दिसला. ओला वारा होता, झावळ्या होत्या, चुलीवरचे दूध होते. निवेदिका आता रत्नागिरीच्या एक ताई आहेत. त्यांचा फोटो छान आहे, चेहरा मराठी वाटत नाही. कर्लीची खाडी काढून तेथे भाट्याची खाडी घातली आहे. गुडघा बरा आहे. किंमत दिलेली नाही. खाली एक फोन नंबर आहे आणि माझे स्वल्पविरामही कोणी हलवलेले नाहीत.